कटुल्यांचा नवरदेव

पावसाळी वीकेंड म्हणजे लोणावळा, भुशी डॅम आणि तीन तासांचं ट्रॅफिक, असं कुणी सांगितलंय? यंदा जरा घाट बदलून बघा. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याच्या बांधांवर एक काटेरी, हिरवीगार रानभाजी तुमची वाट बघतेय. तिच्या चवीइतकीच तिच्या लग्नाची गोष्टही झकास आहे!

बुलढाणा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? लोणारचं सरोवर. शेगावचे गजानन महाराज आणि दर्शनानंतरची गरमागरम कचोरी. इतिहासाची आवड असेल तर जिजाऊंचं सिंदखेडराजा. बस्स, यादी संपली! ‘मोताळा’ हे नाव पुण्या-मुंबईतल्या बहुतेकांच्या कानावरूनही गेलेलं नसतं.

मला ते कळलं ऑफिसमुळे. आमच्या टीममधली एक मैत्रीण मोताळा तालुक्यातली. दरवर्षी जुलै उजाडला की तिच्या गावाहून ट्रॅव्हल्सच्या बसने एक खोकं येतं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, मऊ मऊ काट्यांची हिरवी फळं. पहिल्या वर्षी पॅन्ट्रीत तिने डबा उघडला तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘‘ही बेबी कारली का गं?’’ ती अशी काही भडकली की विचारू नका! पण पहिला घास गेल्यावर टेबलावर शांतता पसरली. कडूपणाचा पत्ता नाही, लसणीचा खमंग वास आणि दाताखाली हलकेच कुरकुरणाऱ्या कोवळ्या बिया. दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यावर रांग!

शहरात हीच भाजी करटोली किंवा कंटोळी म्हणून मिळते. श्रावणात मंडईत चक्कर मारा, एखाद्या टोपलीत छोटासा ढीग दिसेल. आपण भाव विचारतो, पाव किलोचा आकडा ऐकतो आणि गुमान कोबी घेऊन घरी येतो. तेव्हा डोक्यात एक किडा वळवळतोच. रानात फुकट उगवणारी भाजी एवढी महाग का? आणि एवढा भाव मिळतो तर शेतकरी सरळ शेतातच का लावत नाहीत?

हाच प्रश्न मी मैत्रिणीला विचारला. ती म्हणाली, ‘‘उत्तर माझ्या आजीकडे आहे. चल गावी.’’ मग काय, गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद केला आणि रेल्वेत बसलो.

घाटावर आणि घाटाखाली

मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर भुसावळ सोडलं की पुढे मलकापूर लागतं. तिथून दक्षिणेला बुलढाण्याकडे जाणारा रस्ता धरायचा. या रस्त्यावर साधारण मध्यावर मोताळा आहे. तालुक्याचं ठिकाण, पण मिजास अजिबात नाही. एसटी स्टँड, कृषी केंद्रांच्या ओळी, चहाच्या टपऱ्या आणि चहूबाजूंनी काळी माती.

बुलढाणा जिल्ह्यात पत्ता विचारताना लोक पूर्व-पश्चिम सांगत नाहीत. ‘घाटावरचे’ की ‘घाटाखालचे’ एवढंच विचारतात. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर आहे. तिथून राजूर घाट उतरलं की खाली मोताळा येतं. म्हणजे आम्ही घाटाखालचे पाहुणे! वर हवा गार, खाली उकाडा. भाषासुद्धा मजेदार आहे. वऱ्हाडीत खानदेशाची फोडणी.

नळगंगा नदी आणि तिच्यावरचं धरण याच भागात आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिलेल्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पातली नळगंगा ती हीच. तालुक्यातलं रोहिणखेड तिथल्या सोळाव्या शतकातल्या जुन्या मशिदीसाठी ओळखलं जातं. आणि पूर्वेकडच्या डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तेच, जिथे २०१९ च्या डिसेंबरात एक पाहुणा आला होता. यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये जन्मलेला तरुण वाघ! गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याची सगळी भटकंती नोंदली गेली. महाराष्ट्र, तेलंगण असं फिरत त्याने तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडलं. स्वतःचा इलाखा आणि जोडीदारीण शोधत आला, असं जाणकार सांगत होते. ज्ञानगंगेत तेव्हा वाघीण नव्हती. बिचाऱ्याचं लग्न काही जमलं नाही.

या वाघाची आठवण एवढ्यासाठी, की कटुल्याची सगळी गोष्ट जोडीदाराचीच आहे. फक्त इथे अडतं ते नवरीवाचून नाही, नवरदेवावाचून!

एक भाजी, दोन घरं

आधी थोडी ओळख. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात करटोली किंवा कंटोळी, पूर्व विदर्भात काटवल, वऱ्हाड-खानदेशात कटुलं. हिंदीत ककोडा, छत्तीसगडमध्ये खेकसी, गुजरातीत कंकोडा. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत कर्कोटकी. नावं अनेक, भाजी एकच. शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका. कारल्याची सख्खी नातेवाईक, पण स्वभावाने गोड!

या नावातल्या ‘डायोइका’मध्येच सगळा फंडा आहे. मूळ ग्रीक अर्थ ‘दोन घरं’. भोपळा, काकडी, कारलं यांच्या एकाच वेलावर नर फुलंही असतात आणि मादी फुलंही. कटुल्याचं तसं नाही. नराचं घर वेगळं, मादीचं घर वेगळं. एका वेलावर फक्त नर फुलं, दुसऱ्या वेलावर फक्त मादी फुलं. फळं अर्थातच मादी वेलावर लागतात.

दुसरी गंमत जमिनीखाली. पावसाळा सरला की वर दिसणारा वेल वाळून जातो. जमिनीत राहतो तो कंद. थंडी आणि वैशाखातलं ४४-४५ अंशांचं ऊन तो झोपून काढतो. मृगाच्या सरी पडल्या की जागा होतो, कोंब काढतो आणि कुंपणावर, बाभळीवर, बोरीवर चढतो. म्हणजे हा वेल दरवर्षी नवा दिसला तरी कंद अनेक वर्षांचा जुना असतो. आपल्याला ‘आपोआप उगवतं’ असं वाटतं, ते या जुन्या कंदाच्या जिवावर.

आजीचा बांध

मैत्रिणीचं गाव मोताळ्यापासून थोडं आत. अंगणात पाय ठेवला तर आजी दारातच बसलेली. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, हातात विळा. ‘‘ये माय, बस. दमली अशीन.’’ मग चहा. आणि चहा संपायच्या आत, ‘‘चाल, बांध पाहू.’’ वय विचारलं तर म्हणाली, ‘‘कोनं लिवून ठेवलं?’’

शेत तसं इतरांसारखंच. निम्म्यात सोयाबीन, निम्म्यात कपाशी, कडेला थोडा मका. मधून जाणारा बांध मात्र वेगळा. बोरीची झुडपं, निवडुंग, गवत आणि त्या सगळ्यावर पसरलेले कटुल्याचे वेल. आजी वाकायची, पान बाजूला सारायची आणि फळ खुडायची. मला काही केल्या दिसायचं नाही! हिरव्यात हिरवं लपलेलं. पाच-सात मिनिटांनी डोळा बसला आणि मग जिकडे तिकडे कटुलीच कटुली.

खुडायचेही नियम आहेत. काटे मऊ आणि रंग हिरवा तोवरच घ्यायचं. पिवळट झालं की आतल्या बिया टणक होतात. आणि प्रत्येक वेलावर दोन-चार फळं मुद्दाम सोडायची. ती पिकून केशरी होतात, फुटतात, आतून लालभडक बिया बाहेर येतात आणि पाखरं त्या दूरवर नेतात. वेल ओढायचा नाही. कंद तर बिलकुल उकरायचा नाही.

आजी म्हणाली, ‘‘कटुलं काई पेरत नसतेत माय, सांभाळा लागते.’’

पोराचा प्रयोग

आजीचं हे वाक्य तिच्या नातवाला, म्हणजे मैत्रिणीच्या धाकट्या भावाला, मान्य नव्हतं. हा पंचविशीतला पोरगा. शिकून गावातच राहिलेला. शहरातल्या मंडईत कटुल्याचा भाव बहिणीकडून फोनवर ऐकायचा आणि त्याचं डोकं फिरायचं. इथे सोयाबीनचं गणित दर हंगामाला कोलमडतं आणि तिथे लोक रानभाजीला एवढे पैसे मोजतात?

त्याच्या बोलण्यातली तळमळ समजून घ्यायला हवी. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचं विशेष पॅकेज जाहीर झालं, त्यात बुलढाणा होता. कारण होतं शेतकरी आत्महत्या. तेव्हापासून इथल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न फिरतोय, कपाशी आणि सोयाबीनच्या जोडीला दुसरं काय?

भावाने ठरवलं, दहा गुंठ्यांत कटुली. आसपासच्या शेतांतल्या ओळखीच्या लोकांना विचारून बांधांवरचे कंद जमवले. कुणी द्यायला तयार झाले ते अर्थातच फळणाऱ्या वेलांचे. त्याला तरी दुसरे कशाला हवे होते? बांबू रोवले, तारा ओढल्या, शेणखत घातलं. पाऊस पडला, वेल चढले, मांडव हिरवागार झाला. पिवळी फुलंही आली. गावातले लोक बघायला यायचे, पोरगा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा.

आणि फळं? नाममात्र! फुलाखाली इवलंसं काटेरी कटुलं दिसायचं, दोन-तीन दिवसांत पिवळं पडून गळायचं. त्याने खत वाढवलं. फवारणी केली. कृषी केंद्रातून टॉनिक आणलं. काही उपयोग नाही. काका म्हणाले, रानातली वस्तू रानातच बरी.

शेवटी आजी मांडवात गेली. फुलं निरखली आणि खो खो हसत सुटली. ‘‘अरे, सगळ्या नवऱ्याच आनल्या तुनं! नवरदेव कुठी हाये?’’

संध्याकाळचा मुहूर्त

नवरदेव ओळखायचा कसा? तेही आजीनेच दाखवलं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली सुरुवातीपासूनच छोटंसं काटेरी फळ असतं. नर फुलाखाली फळ नसतं. नुसता बारीक देठ आणि त्या देठावर फुलाला बिलगलेलं टोपडं घातल्यासारखं एक छोटं पान. एकदा बघितलं की आयुष्यभर विसरणार नाही.

पण फुलं उमलेपर्यंत काहीच सांगता येत नाही. पान सारखं, कोंब सारखा. बी पेरून रोप केलं तर ते नर निघेल की मादी, हे फुलं आल्यावरच कळणार. त्यात बी कडक कवचाचं आणि झोपाळू, उगवायला कित्येक महिने घेणारं. म्हणूनच शेतात लावायला मादी म्हणून ओळख पटलेल्या वेलाचे कंद निवडतात आणि आठ-दहा मादी वेलांमागे एक नर ठेवतात. मंडईतला भाव का चढा असतो, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

त्या संध्याकाळी आम्ही मांडवाजवळच थांबलो. कटुल्याची फुलं उमलतात ती दिवस मावळताना. दिवसभर मिटलेल्या कळ्या अंधार पडता पडता उघडल्या. मंद पिवळा रंग, हलकासा वास. मग पतंग आले. फुलपाखरांचे निशाचर भाऊबंद! या फुलावरून त्या फुलावर. नराचा पराग मादीपर्यंत पोचवण्याचं काम यांचंच. सकाळी जाऊन बघितलं तर फुलं मलूल. एका रात्रीचं लग्न. त्या रात्री नर जवळ नसेल किंवा पतंग फिरकले नाहीत, तर हे फूल फुकट गेलं.

मोठ्या लागवडीत हे नशिबावर सोडत नाहीत. नर फूल तोडून मादी फुलावर हाताने टेकवतात. आता मैत्रिणीचा भाऊही हे करतो. डोक्याला टॉर्च, हातात फुलांची वाटी. गावातली पोरं त्याला ‘भटजी’ म्हणतात!

वांझ कोण?

दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट कळली. या शिवारात नर वेल एवढे कमी का झाले?

कटुल्याच्या नर वेलाला आपल्याकडे जुनं नाव आहे, वांझ कर्टोली. आयुर्वेदातही वंध्या कर्कोटकी म्हणून तिचा उल्लेख येतो. फुलं येतात पण फळ धरत नाही, म्हणून वांझ. तिचा कंद जुन्या वैद्यकात विषावर, खास करून साप-विंचवाच्या दंशावर सांगितलेला आहे. साहजिकच औषधासाठी उकरला जातो तो नराचा कंद. आणि ज्यांना औषधाशी देणंघेणं नाही, ते ‘हा काय कामाचा?’ म्हणून निंदणीत उपटून टाकतात. दोन्हीकडून मार नवरदेवालाच. मग उरलेल्या माद्या फुलतात आणि गळतात. लोक म्हणतात, पूर्वीसारखी कटुली आता लागत नाहीत.

आजीला मी विचारलं, वांझ का म्हणतात? ती कटुली निवडता निवडता म्हणाली, ‘‘फळ धरत नाई म्हनून म्हनतेत. अन् तो त बाप्या हाये! पोर नाई झालं की नाव बाईलेच ठेवतेत माय. वेलालेबी सोडलं नाई.’’

ओसरीवर सगळे हसले. आजी हसली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कंदाबद्दल जुन्या ग्रंथांत काहीही असो, साप चावला तर कंद, पाला, मांत्रिक यात एक मिनिटही घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिसर्पविष हेच औषध आणि ते हॉस्पिटलमध्येच मिळतं. मधुमेहावर करटोली ‘रामबाण’ असल्याचे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. प्रयोगशाळेत प्राण्यांवर काही अभ्यास झालेत, हे खरं. पण तेवढ्यावर कुणी आपली गोळी बंद करू नये. भाजी म्हणून खा. हलकी, पचायला सोपी, पावसाळ्यात मंदावलेल्या भुकेला जागं करणारी. तेवढं पुरेसं आहे.

दहा गुंठ्यांचा हिशेब

आता मांडवात दर काही वेलांनंतर एक बांबू दिसतो, त्याला लाल चिंधी बांधलेली. ती नर वेलाची खूण. ‘‘ताई, हे नवरदेवाचं फेट्याचं कापड,’’ भाऊ म्हणाला. त्याचे आजचे नियम असे. काळ्या मातीत पाणी साचून कंद सडतो, म्हणून उंच गादीवाफे. दोन वेलांत साधारण दोन मीटर अंतर. जूनमध्ये पहिल्या पावसासोबत लागवड. फळधारणा झाली की दहा-पंधरा दिवसांत तोडणी. पुढे दर दोन-तीन दिवसांनी माल निघत राहतो. हिवाळ्यात वेल वाळले की जमीन नांगरायची नाही, कंद तिथेच झोपू द्यायचे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कंद मोठा झाला की उत्पन्न वाढतं.

यावर संशोधनही झालंय. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाची ‘इंदिरा कंकोडा-१’ ही जात आहे. भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या भुवनेश्वर केंद्राची ‘अर्का नीलाचल श्री’ आहे. अशी लागवड वाढली तर रानातल्या कंदांवरचा ताण कमी होईल, हा मोठाच फायदा.

पण लगेच राजीनामा टाइप करायला घेऊ नका! तोडणी सगळी हाताने. माल नाजूक, दोन-चार दिवसांत पिवळा पडणारा. मोताळ्याहून मोठ्या शहराच्या मंडईत पोचेपर्यंत अर्धा जीव त्यातच. कापूस आणि सोयाबीनला निदान कागदावर हमीभाव आहे, कटुल्याला तोही नाही. भाऊ स्वतःच म्हणाला, ‘‘ताई, यावर घर चालत नाई. पन ऑगस्टात, कपाशीचा पैसा यायच्या आधी हातात रोख येते. किराणा उधार राहत नाई.’’ ज्या महिन्यांत शेतकऱ्याच्या घरात पैसा फक्त बाहेर जातो, तेव्हा थोडासा आत येणं. हे त्याचं मोल.

खरा वाद वेगळाच आहे. तो बांधाचा. मजूर मिळत नाहीत, म्हणून काकांना बांधावर तणनाशक मारायचंय. त्यांचंही चूक नाही. ‘‘गवत माजलं की उंदीर होतेत, उंदरामागं साप. निंदाले मानूस कुठून आनू?’’ पण तणनाशक मारलं की बोर गेली, गवत गेलं आणि कटुल्याचे वेलही. शिवाय मांडवातल्या फुलांना लागणारे पतंग कुठे राहणार? त्यांनाही झुडपं लागतात. आजीने या वर्षी स्वतःच विळा घेऊन बांध अर्धा साफ करून दिला आणि म्हणाली, बाकी अर्ध्यावर फवारायचं नाही. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘एक साल पाहू.’’

आपण मंडईत ज्या करटोलीचा भाव ऐकून पुढे जातो ना, ती कुठल्यातरी अशाच ‘एक साल पाहू’वर उगवलेली असते. ज्याचा उघड उपयोग दिसत नाही तेही थोडं राहू द्यायचं, एवढं कुणीतरी ठरवलेलं असतं. बांध, बोर, पतंग आणि तो फळ न धरणारा वेल, यातलं काहीच बिलावर येत नाही. पण ते नसेल तर बिलच होणार नाही.

तव्यावर

एवढं सगळं ऐकल्यावर भूक लागणारच! आजीची रेसिपी सोपी आहे. कटुली धुऊन कोरडी करायची. पातळ चकत्या करायच्या. काटे सोलायचे नाहीत, ते मऊच असतात. टणक झालेल्या बिया मात्र काढून टाकायच्या. लोखंडी तव्यावर जरा सढळ हाताने तेल, मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. मग चकत्या. पाणी घालायचं नाही आणि झाकणही ठेवायचं नाही, नाहीतर लगदा होतो. कडा कुरकुरीत झाल्या की मीठ आणि शेंगदाण्याचा कूट. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाची, आणि कच्चा कांदा. फाइव्ह स्टारवाल्यांनी याला ‘फोराज्ड’ वगैरे म्हणून पाचपट पैसे लावले असते. इथे आजी म्हणते, ‘‘घे ना अजून, लाजतं काय?’’

जायचं तर असं जा

कधी : जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. फुलं बघायची असतील तर संध्याकाळ शेतात काढा. पायात बंद बूट आणि हातात टॉर्च हवाच.

कसं : रेल्वेने मलकापूर, तिथून बुलढाण्याच्या एसटीने मोताळा. परतताना राजूर घाट चढून बुलढाण्यात चहा घ्या. पावसात घाटाचा नजारा सॉलिड असतो.

जोडीला : रोहिणखेड, नळगंगा धरण, वेळ असेल तर ज्ञानगंगा अभयारण्य. पावसाळ्यात अभयारण्य खुलं आहे का, ते वनविभागाकडे आधी विचारा. आणि तिथून कंद तर सोडाच, पानही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे.

गाव जमत नसेल तर : ९ ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. आपल्या शहरातला शोधा. भाजी विकणाऱ्या मावशींना नाव विचारा, कशी करायची ते विचारा आणि घासाघीस जरा कमी करा.

बाल्कनीत लावायची हौस असेल तर : मोठी कुंडी, ऊन, चढायला जाळी आणि लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडून किंवा रोपवाटिकेतून घेतलेले कंद. किमान दोन कुंड्या लागतील. एकीत नवरी, दुसरीत नवरदेव. पतंग येतीलच याची सोसायटीत खात्री नाही, तेव्हा संध्याकाळी ऑफिसातून वेळेवर घरी या. भटजी तुम्हालाच व्हायचंय!